द्वारकाबाई आणि व्हरांड्यातलं कोडं

शब्दकोडं म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं कुणी माझ्यासमोर म्हणालं की माझं टाळकं आजही सटकतं. असं बोलणाऱ्याने द्वारकाबाई नेरूरकरांना हातात खडू घेऊन उभं राहिलेलं पाहिलेलं नसतं. पाहिलं असतं तर तो निमूट खाली बसला असता, आणि बाईंनी पहिल्याच आडव्या शब्दाला त्याला उठवून कारण विचारलं असतं.

मालवण आणि देवबागच्या मधलं आमचं गाव. स्वातंत्र्याला आठनऊ वर्षं झाली होती आणि मी गावच्या वाचनालयात कारकून होतो. मुंबईचं दैनिक आमच्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारच्या सर्विस मोटारीने यायचं. त्याच्या शेवटच्या पानावर रोज शब्दकोडं असे आणि कोड्याच्या डोक्यावर विषय छापलेला असे. आज देऊळ, उद्या शेती, परवा लग्नघर. आडवे-उभे सगळे शब्द त्या विषयातले. उत्तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात.

बाई मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. ठेंगण्या, सावळ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. लवकर विधवा झाल्या होत्या आणि थोरल्या भावाच्या घरी राहत होत्या. शाळा सुटली की घरी न जाता थेट वाचनालयात आल्या तो दिवस मला चांगला आठवतो. त्या वाचनकक्षात शिरल्या तशी बाकांवरच्या पाचसहा पुरुषांनी वर्तमानपत्रं खाली केली. आमचे चिटणीस भाऊसाहेब खाकरले. भाऊसाहेब म्हणजे मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. गावात मालवणीत बोलणं त्यांनी निवृत्तीनंतरही सुरू केलं नव्हतं.

“द्वारकाबाई, पुस्तक हवं असेल तर मनोहर व्हरांड्यात आणून देईल,” ते म्हणाले.

बायकांनी आत बसायचं नाही असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर खोडता तरी आला असता. बाई बाहेर गेल्या, आणि व्हरांड्यातून मला म्हणाल्या, “मनोहरा, कोड्याचो कागद हाड.” आता कागद कसा आणणार? भाऊसाहेब तो वाचत होते, आणि त्यांचं वाचन दोन तास चालायचं. दुसऱ्या दिवशी बाई शाळेतला एक तुटका फळा घेऊन आल्या. तो व्हरांड्याच्या भिंतीला टेकवला आणि मला सांगितलं, “तू आत जा, आणि एकेक घर माका वाचून दाखय.” भाऊसाहेबांच्या हातातल्या अंकाचं शेवटचं पान खिडकीकडे असे, ते बघत मी खिडकीत उभा राहून घरं सांगत गेलो आणि बाई फळ्यावर आखत गेल्या. मग मी सूचना वाचल्या. तासाभरात कोडं सुटलं. महिन्याभरात वाचनकक्षातले निम्मे पुरुष बाहेर येऊन बसले, आणि बाजार उरकून रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या कोळणीही पायऱ्यांवर टेकू लागल्या. आत भाऊसाहेब एकटे उरले.

बाईंचा नियम एकच होता. उत्तर देणाऱ्याने कारण सांगायचं, आणि दुसरं उत्तर का चालत नाही तेही सांगायचं. नुसता अंदाज केलेला त्यांना खपत नसे. अंदाजाचं उत्तर बरोबर निघालं तर त्या जास्तच चिडत. एकदा विषय होता देऊळ. सूचना होती, ‘देवापुढे तेवते’, तीन अक्षरी. पोस्टमास्तर ऐटीत म्हणाले, “पणती.”

“कारण?”

“बसता ना तीन घरात.”

“तीन घरात तुमीपण बसात,” बाई म्हणाल्या. “समई कित्याक नको?”

मग बाईंनी समजावलं. पणती दिवाळीत उंबऱ्याबाहेर लागते, तुळशीपुढे लागते. गाभाऱ्यात देवापुढे रोज तेवते ती समई. विषय देऊळ आहे, दिवाळी नाही. विषय वर छापलाय तो शोभेला नाही, प्रत्येक शब्द त्याच्यासमोर नेऊन उभा करायचा आणि विचारायचं, तू इथला काय रे? पोस्टमास्तर आठवडाभर फिरकले नाहीत. आठव्या दिवशी आले ते कारणं पाठ करून आले.

कोडं घालणाऱ्या माणसाशी तर बाईंचं रोजचं भांडण होतं. त्याचं नाव कोड्याखाली छापलेलं असे. बाईंनी ते नाव कधी उच्चारलं नाही. ‘तो’ म्हणायच्या. सूचना वाचता वाचता तो कसा आहे, घरात काय करतो, काय करत नाही, हे त्या आम्हाला सांगत. एकदा स्वयंपाकघर हा विषय होता आणि सूचना होती, ‘भात शिजल्यावर काढून टाकतात ते पाणी’, दोन अक्षरी. उत्तर पेज, हे पायरीवरच्या पोरीबाळींनाही कळलं. बाईंनी खडू खाली ठेवला.

“टाकतत?” त्या म्हणाल्या. “पेज टाकतत? हेका आयतो भात वाडून मिळता. हेणा चुलीम्होरा कधी बसाक नाय. हेच्या बायकोक इचारा, ती काय करता पेजेचा.”

त्यांचा आवाज असा चढला होता की आतून भाऊसाहेबांनी खिडकी लावून घेतली. मला हसू येत होतं, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्या पायऱ्यांवर बसलेल्या निम्म्या बायकांच्या पोरांचं सकाळचं खाणं म्हणजे तीच पेज होती, आणि मुंबईत बसलेला एक माणूस ती टाकून देण्याची वस्तू म्हणून छापत होता. चूक शब्दाची असती तर बाईंनी सोडून दिली असती. न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी सांगणं त्यांना सहन होत नसे.

मग आला तो मासळीचा विषय. ‘आषाढात ताजी मिळणारी समुद्राची मासळी’, चार अक्षरी. उत्तर सुरमई निघत होतं, आडवे-उभे सगळे शब्द जुळत होते. बाईंनी पायरीवरच्या रुक्मिणीकडे पाहिलं. रुक्मिण चाळीस वर्षं मासे विकत होती.

“आषाढात इसवण?” रुक्मिण म्हणाली. आमच्याकडे सुरमईला इसवण म्हणतात. “आषाढात होड्ये वयर वढून झापांखाली घातलेले आसतत. हो बाबा दर्यात पवत जाता काय गो?”

सगळा व्हरांडा हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिथेच मला कागद मागितला आणि संपादकांना पत्र लिहिलं. आषाढात समुद्र कसा असतो, होड्या कधी ओढतात, नारळी पुनवेनंतर कधी सोडतात, तोवर लोक खाडीची मासळी आणि सुकी मासळी कशी खातात, सगळं कारणांसहित. खाली सही केली, द्वा. वि. नेरूरकर. पत्ता दिला वाचनालयाचा. परक्या पुरुषांची पत्रं घरी आलेली भावाला चालली नसती.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं, ते त्या कोडेकाराचंच. “श्री. नेरूरकर यांस.” त्याने चूक कबूल केली होती आणि पेजेबद्दलही काही चुकलं असेल तर कळवावं, असं लिहिलं होतं, कारण त्याही कोड्यावर कुणा गृहिणीचं पत्र आलं होतं. बाई पत्र वाचून म्हणाल्या, “मनीस वायट नाय. भायर पडाक नाय इतक्याच.” ‘श्री’ त्यांनी दुरुस्त केलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, “तेका कोड्यांशी काम. माका बघून काय करतलो?”

असा दोन वर्षं पत्रव्यवहार चालला. मग एका पत्रात त्याने लिहिलं की त्याची दृष्टी अधू होत चालली आहे, रोजचं कोडं कसंबसं निभावतं, पण रविवारचं मोठं कोडं आपण करावं, खाली आपलं नाव छापू. ते पत्र बाईंनी उभ्या उभ्या तीन वेळा वाचलं. मग शेवटची ओळ मला वाचून दाखवायला लावली. आपलं नाव छापू. पंधरा वर्षं शाळेत शिकवून त्यांचं नाव हजेरीपटाशिवाय कुठे लिहिलं गेलं नव्हतं, आणि त्यांना ते हवं होतं. त्यांनी तसं सरळ सांगितलंही. “नाव होया माका,” म्हणाल्या, “लाज कसली तेची?”

पहिल्या कोड्याचा विषय त्यांनी निवडला, पावसाळ्याची बेगमी. महिनाभर खपत होत्या. प्रत्येक सूचना आधी पायरीवरच्या बायकांसमोर ठेवायची, आणि एकीनेही मान हलवली तर खोडायची. ‘मिरगाआधी अंगणात, मिरगानंतर माळ्यावर’, चार अक्षरी, सरपण. ‘स्वतःच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडते आणि उन्हात वाळते’, तीन अक्षरी, कोकम. या कोकमावर रुक्मिण आणि दुसऱ्या एकीचं, रस पाच वेळा लावायचा की सात वेळा, यावरून चांगलंच वाजलं. शेवटी बाईंनी ‘पुन्हा पुन्हा’ लिहून दोघींना गप्प केलं. कोडं गेलं. पसंतीचं पत्र आलं, आणि त्यात स्वतःविषयी चार ओळी लिहून पाठवाव्यात असं होतं.

ते पत्र बाईंच्या हाती पडलं नाही. माझ्याही नाही. एरवी पोस्टमनकडून टपाल मीच घेत असे आणि बाईंची पत्रं परस्पर त्यांना देत असे; त्या दिवशी मी पुस्तकं बांधून घ्यायला मालवणला गेलो होतो, आणि वाचनालयाच्या पत्त्यावर आलेलं टपाल फोडण्याचा अधिकार चिटणिसांचा होता. संध्याकाळी भाऊसाहेबांनी मला समोर बसवलं.

“हे काय चाललंय वाचनालयाच्या नावावर?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, “लिहा.”

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून वाचनालयाची सगळी पत्रं मीच लिहीत असे. ‘द्वा. वि. नेरूरकर या नावाचे कोणी गृहस्थ आमचे सभासद नाहीत. सदर नाव एका विधवा शिक्षिकेचे असून त्या शाळाखात्याच्या परवानगीशिवाय असा उद्योग करू शकत नाहीत. तथापि कोडे आमच्या वाचनालयात तयार झाले असल्याने ते वाचनालयातर्फे चिटणिसांच्या नावे प्रसिद्ध करण्यास हरकत नाही.’ भाऊसाहेबांनी सही केली. मी पाकीट चिकटवलं आणि स्वतः टपालात टाकलं. नोकरी जाईल, म्हातारी आई आहे, ही सगळी कारणं तेव्हा माझ्याकडे होती. आज लिहिताना त्यांतलं एकही मला कारण वाटत नाही.

कोडं कोणत्या रविवारी छापायचं ते कोडेकाराने आधीच कळवलं होतं. त्या रविवारचा अंक आमच्याकडे सोमवारी आला. व्हरांडा भरला होता, कारण बाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. रुक्मिण बाजार लवकर आटोपून आली होती. बाईंनी पान उलटलं. कोडं होतं. खाली भाऊसाहेबांचं नाव होतं आणि पुढे, ‘चिटणीस’.

बाईंनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. फळा पुसला आणि घरं आखायला घेतली. मला वाटलं होतं त्या निघून जातील. मी मनातून त्याची वाटच पाहत होतो, हेही सांगायला हवं. आतून भाऊसाहेब बाहेर आले होते, कारण पोस्टमास्तर त्यांचं अभिनंदन करत होते. त्यांच्यासाठी खुर्ची आली. ते बसले.

बाईंनी नववा आडवा सोडून एकेक शब्द घेतला आणि नेहमीसारखा उलगडला. मग म्हणाल्या, “आता कोडा घालणारो कसो आसा ता बघया. हेणा सरपण पाठीर वायला. हेणा सुकी मासळी राखणीक बसान कावळे हाकले. हेच्या घरात चार महिने पुरात इतक्या करून ठेवूक लागता, नायतर पोरां उपाशी ऱ्हवतत.” त्या भाऊसाहेबांकडे वळल्या. “भाऊसाहेब, तुमचा कोडा. नववो आडवो शब्द तुमीच सांगा. स्वतःच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडता आणि उन्हात वाळता. तीन अक्षरी.”

उत्तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात येणार होतं. भाऊसाहेबांनी कोडं पाठवायची सोय केली होती, पण सोडवलेलं नव्हतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

“लोणचं,” ते म्हणाले.

“कारण?”

रुक्मिण पायरीवरून म्हणाली, “लोणच्या उन्हात वाळत घालतत, भाऊसायबानू? मगे बरणीत काय घालतत?” बायका हसायला लागल्या, आणि मग पुरुषही. भाऊसाहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “मनोहर, सांगा यांना, कोडं कुठून गेलं?”

सगळ्यांचं हसणं थांबलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. एक शब्द बोललो असतो तर पुरे होता. व्हरांड्यातले सगळे साक्षीला होते, महिनाभर त्यांच्यासमोरच कोडं तयार झालं होतं. मी म्हणालो, “वाचनालयातून गेलं.”

खरंच होतं ते. असल्या खरेपणाची मला किळस येते.

बाईंनी नवव्या आडव्या शब्दाच्या घरांत कोकम लिहिलं, हात झाडले आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या दारावर सूचना लागली, की सभासदांखेरीज कुणी व्हरांड्यात बसू नये. तीही माझ्याच अक्षरात होती. फळा शाळेत परत गेला. मुंबईहून पुढच्या रविवारच्या कोड्याची मागणी आली, मग आठवण आली, मग दुसरी आठवण आली, आणि भाऊसाहेबांनी ती पत्रं उत्तर न देता ठेवून दिली. शाळाखात्यात त्यांचे मेहुणे होते. जूनमध्ये बाईंची बदली झाली, थेट आरोंद्याला, गोव्याच्या हद्दीजवळ. बाईंचा भाऊ म्हणाला, एकटी बाईमाणूस कशी राहणार, राजीनामा दे. बाईंनी ट्रंक भरली आणि मोटारीत बसल्या. मी निरोप द्यायला गेलो नाही.

गोवा मुक्त झाला, त्यानंतर दोनतीन वर्षांनी भाऊसाहेब वारले. मी तोवर ग्रंथपाल झालो होतो. ते गेल्यावर माझ्या अंगात धैर्य आलं, आणि असल्या धैर्याची किंमत काय ते मला सांगायला नको. मी मुंबईला सविस्तर पत्र लिहिलं. जुना कोडेकार आता नव्हता, पण नवे संपादक सज्जन निघाले. त्यांनी कळवलं, की श्रीमती नेरूरकर तयार असतील तर रविवारचं कोडं त्यांच्या पूर्ण नावाने सुरू करू. ते पत्र घेऊन मी आरोंद्याला गेलो.

शाळा खाडीच्या काठाला होती. दुपार कलली होती, मुलं घरी गेली होती, आणि पडवीत दहाबारा बायका बसल्या होत्या, काही कोळणी, काही काजूच्या बागांत काम करणाऱ्या. फळ्यावर कोडं होतं. मुंबईचं नव्हे, वर्तमानपत्र तिथे येतच नव्हतं. बाईंनी स्वतः घातलेलं होतं. त्यांचे केस पांढरे झाले होते. मला बघून त्यांनी बायकांना “वायच थांबा” म्हटलं आणि त्या पायरीपर्यंत आल्या. मला वर ये म्हणाल्या नाहीत.

मी संपादकांचं पत्र दिलं. त्यांनी चष्मा सावरून ते पूर्ण वाचलं, आणि परत माझ्या हातात ठेवलं.

“बाई, तुमचं पूर्ण नाव येईल,” मी म्हणालो. “माझं चुकलं तेव्हा. मी घाबरलो होतो. भाऊसाहेबांनी सांगितलं, आणि...”

“मराठी बरा बोलाक लागलंस,” त्या म्हणाल्या. पूर्वी त्यांच्याशी मी मालवणीतच बोलत असे. मग म्हणाल्या, “ता पत्र माझ्याकडे आसा.”

मला कळेना कोणतं पत्र.

“कोडा छापान झाल्यार कोडेवाल्यान धाडलेल्यान, शाळेच्या पत्त्यार. तुझ्या अक्षरातला चिटणिसाचा पत्र सोबत जोडलेल्यान, ता खरा काय, म्हणान इचारल्यान. तेव्हा उत्तर दिलंय नाय. आजून ठेवलंय ता.” त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्यानेच मला धडकी भरली. “घाबारलेल्या माणसाचा अक्षर कसा येता ता माका म्हायत आसा, मनोहरा. वीस वर्षां पोरांची अक्षरां बघतंय. छडी बघून लिवणाऱ्या पोराची ओळ खाली जाता. तुझा पत्र मी किती येळा बघलंय. एक काना हाललो नाय तुझो.”

मी पायरीवर एक पाऊल ठेवलं.

“कारण असला तर सांग,” त्या म्हणाल्या, आणि खरोखरच थांबल्या. पडवीतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. खाडीवर कुणीतरी होडी ओढत होतं, त्याचा आवाज येत होता. मी संपादकांचं पत्र घडी घालून खिशात ठेवलं. माझ्याकडे कारण नव्हतं.

“मगे जा,” त्या म्हणाल्या. “मोटार पाचाक सुटता.”

त्या वळल्या आणि फळ्यापाशी गेल्या. कुणीतरी एका शब्दाचं उत्तर चुकीचं दिलं होतं बहुतेक, कारण मी रस्त्याला लागलो तेव्हा बाई तिच्यावर चिडून बोलत होत्या, आणि ती बाई मोठ्याने हसून, आपलंच कसं बरोबर आहे ते त्यांना सांगत होती.